ओटी भरलेली जोंगा

यंदा पुन्हा चार दिवसांआड पाणी सुरू झालं. नळाला आधी नुसती हवा येते, मग खरखर, मग गढूळ धार, आणि ती निवळायची वाट बघत मी बादली धरून उभी राहते. दारातला कडुलिंब मोहरलाय. त्याचा कडसर-गोड वास सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो. पुढे दिवसभर सोलापुरात उन्हाशिवाय काही उरत नाही. रस्ता ओस पडतो, कुत्री गटारीच्या कडेला ओल शोधून झोपतात आणि आमच्या शेडचे पत्रे तापून टक् टक् वाजायला लागतात. उन्हाळा म्हटलं की कुणाला आंबे आठवतात, कुणाला आजोळ. मला पत्रे वाजले की ग्रीसचा वास येतो. शेडमध्ये आता ग्रीस शिल्लक नाही, तरी येतो.

त्या उन्हाळ्यात आमच्या शेडमध्ये दोन जोंगा उभ्या होत्या.

जोंगा म्हणजे फौजेतली गाडी. जीपची थोरली बहीण म्हणा. रुंद छाती, बोजड बांधा, वर ताडपत्रीचं छप्पर, आणि पेट्रोल प्यायला बसली की घरच्यांचा विचार न करणारी. फौजेनं या गाड्या केव्हाच मोडीत काढून लिलावात विकल्या. माझे यजमान फौजेत ड्रायव्हर होते आणि त्यांची बरीचशी नोकरी राजस्थानच्या वाळूत असल्याच एका जोंगावर गेली. मी इकडे शाळेत मास्तरीण. आमचा संसार कित्येक वर्षं सुट्टीपुरताच होता. हे घरी आले की माझं, शाळेचं, बार्शीकडच्या शेताचं सगळं विचारून झाल्यावर हळूच गाडीवर यायचे. ती वाळूत कशी चढते, थंडीत पहाटे कशी रुसते, शेजारी बसलेले साहेब कसे डुलक्या काढतात. "तुला येकदा शेजारी बसवून न्ह्यायचंय बग," म्हणायचे. फौजेच्या गाडीत ड्रायव्हरची बायको कुठून बसणार? मी म्हणायची, सवतीच्या मांडीवर बसायची हौस नाही मला. ते हसायचे. मला बसायचं होतं. हे मी कधी बोलून दाखवलं नाही आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातली एक जोंगा आणली. आणली म्हणजे ट्रकवर घालून आणली. गल्लीतल्या बायका मला विचारायला आल्या, काय घेतलं म्हणून. मी म्हटलं, दागिना. इंजिन तेवढं धड होतं. पुढचा एक्सल गायब, स्टिअरिंगचा खोका फुटलेला, काचेची चौकट गंजून पापडासारखी झालेली. इस्माईलभाई म्हणून ह्यांचे जुने गॅरेजवाले दोस्त आहेत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, "फौजीसाब, इसका सामान बाजार में नक्को ढूंढो. पार्ट की गाडी होना." पार्टची गाडी म्हणजे त्याच जातीची दुसरी, जी मोडून पहिलीला उभं करायचं. तिचा सांधा हिला, तिचं हाड हिला. मग हे आणि इस्माईलभाई जिल्हाभर तशी गाडी शोधत हिंडले. भंगारवाले झाले, साखर कारखान्यांची आवारं झाली. पुढेपुढे मला वाटायला लागलं की मिळू नये. शोधायला गेले की हे खुशीत असायचे.

मग एका माघात ह्यांना काचबिंदू निघाला. डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते, समोर बसवून नीट बोलले. गेलेली नजर परत येत नाही, राहिलीय ती जपू. कडेचं दिसणं आधी जातं, मधलं शेवटी. गाडीचं विचारल्यावर म्हणाले, दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर, अजून थोडे महिने, पुढे नको. बाहेर आल्यावर हे दवाखान्याच्या पायरीवर बसले. मला वाटलं आता खचतील. ते म्हणाले, "म्हंजे ह्यो उन्हाळा हाय की हातात." तेव्हापासून आमच्या घरात त्या गाडीला चेष्टेचा शब्द मी काढला नाही. ह्या उन्हाळ्यात ती उभी राहायला हवी होती. मला शेजारी बसवून ह्यांना ती एकदा चालवायची होती.

चैत्रात गाडी सापडली. अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात, नीलव्वा नावाच्या बाईच्या गोठ्यात. तिचे मालकही फौजी. त्यांनी जोंगात डिझेलचं इंजिन बसवून बाजारच्या दिवशी माणसं वाहिली होती. ते गेल्यावर गाडी गोठ्यातच राहिली. इंजिन अडकून पडलं होतं, चाकं बसली होती, मागच्या बाकावर कोंबड्यांनी संसार मांडला होता. पण छपराखाली असल्यामुळे चेसीचा सांगाडा ठणठणीत, आणि आम्हाला हवं ते सगळं जागच्या जागी. तिचा मुलगा पुण्याला. त्यानं फोनवर इस्माईलभाईंशी सगळं बोलून घेतलं, आणि आम्ही ट्रॅक्टर ठरवून गेलो.

नीलव्वा उंच, काटक बाई. कपाळ मोकळं. "बर्री, बर्री, या की," म्हणत तिनं आम्हाला सावलीत बसवलं, ताक दिलं. गाडीबद्दल तिनं काहीच विचारलं नाही, त्यामुळे आम्हीही काही बोललो नाही. इस्माईलभाईंनी साखळी बांधली, ट्रॅक्टर सुरू झाला, तशी ती म्हणाली, "थांबा की वाईच." आत गेली आणि सूप घेऊन आली. सुपात हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाचा करंडा. माझ्यासमोर धरून म्हणाली, "अक्का, तुमी भरा. माजं चालत न्हाई. तुमी सवाष्ण."

मला असल्या गोष्टी पटत नाहीत. मी म्हटलं, तुमची गाडी आहे, तुम्हीच भरा, काही होत नाही. ती नुसती मान हलवत राहिली. शेवटी मी बॉनेटवर हळदकुंकू लावलं. ड्रायव्हरच्या फाटक्या सीटवर खण ठेवला, त्यावर नारळ, आणि ओंजळभर तांदूळ घातले. स्प्रिंगांच्या फटीतून ते खाली सांडले. नीलव्वानं दिव्याच्या काचेवरून पदर फिरवला, "नीट न्ह्या तिला," म्हणाली, आणि गाडी हलायच्या आत घरात गेली. परतताना ट्रॅक्टरच्या मागे आमची रिक्षा होती. त्या साऱ्या वाटेत आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. लेक सासरी पाठवावी तशी तिनं गाडी पाठवली होती आणि आम्ही ती मोडायला नेत होतो.

दुसऱ्या दिवशी इस्माईलभाई पाने-पक्कड घेऊन आले. चाकांखाली विटा लावल्या, जॅक लावला. सीटवर नारळ तसाच होता. हे दारात उभे होते.

"इस्माईल, थांब जरा," म्हणाले. "ही मोडायची न्हाई. आपली मोडू."

इस्माईलभाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मलाही तसंच वाटलं. नीलव्वाची गाडी उभी करायची तर आमच्या गाडीचं इंजिन उतरवायचं, गिअरबॉक्स काढायचा, वायरिंग पुन्हा घालायचं, ह्यांनी इतके दिवस खपून केलेलं सगळं उलगडायचं. पंधरवड्याच्या कामाचा अख्खा उन्हाळा होणार होता. इस्माईलभाईंनी वाट काढून बघितली. "इसकी नंबरप्लेट अपनी गाडी कू लगा डालो ना साब. अम्मा कू क्या समजता?"

"तिला न्हाई समजत. मला समजतंय की."

मी चिडले. मी मास्तरीण, समजावून सांगायची सवय. पण त्या दिवशी आवाज चढला. ओटी मी भरली होती ना, मग मीच सांगत होते की लोखंडाला काय कळतं.

"लोकंडाला न्हाई. बाईला कळतंय. तुज्या हातानं ओटी भरलीस आन् मी पाना लावू?"

"मग जाऊन तिला खरं सांगू."

"सांगू की. ती व्हय म्हणंल. म्हणूनच जावंसं वाटत न्हाई."

"आणि तुमचे डोळे?"

आमच्या जोंगाचं बॉनेट त्यांनी उघडलं आणि पहिला बोल्ट स्वतः काढला.

त्या उन्हाळ्याचं आता सलग असं काही आठवत नाही. तुकडे आठवतात. उन्हानं पाने इतके तापायचे की हातात धरवत नसत. मी पाण्याच्या बादलीत टाकून ठेवायची आणि त्या पाण्यावर गंजाची तांबूस साय धरायची. पाण्याची ती बादलीही मनाविरुद्ध जायची, कारण नळ पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. लग्नात आलेली सोलापुरी चादर गाडीखाली अंथरलेली, तिच्यावरचे मोर काळ्या तेलात बुडालेले. शेडवर टाकलेली ओली गोणपाटं बघता बघता वाळायची. खिशात कांदा ठेवा म्हणून मी मागे लागायची आणि दुपारी तोच कांदा फोडून दोघं दोस्त कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायचे. रॉकेलचा वास, जुन्या रेक्झिनचा वास, घामाचा वास. आमची गाडी दिवसागणिक पोकळ होत चालली. आधी तिचं इंजिन गेलं, मग दिवे, मग सीटं. तिच्या अंगावरून एकेक वस्तू उतरताना हे हात लावून बघायचे, पुसायचे, आणि शेजारच्या गाडीला बसवायला द्यायचे. माझ्या मनात यायचं, घरच्या माणसाचं काढून पाहुण्याला द्यायचं हे कसलं खूळ. पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसायची. तसा निवांत चेहरा मी त्यांच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी बघायची, तेवढाच.

डोळ्यांत थेंब घालायचं काम माझं. मान मागे टाकून ते बसत आणि थेंब पडला की लहान मुलासारखं तोंड करत. वैशाख निम्मा सरला तेव्हा मला कळलं की थेंब काही थांबवत नाहीयेत. हे बोल्ट शोधत होते आणि बोल्ट त्यांच्या डाव्या गुडघ्याशेजारी पडला होता. हातभर अंतरावर. ते सरळ समोर बघत जमीन चाचपत होते, नळकांड्यातून बघावं तसं. मी चहा घेऊन आले होते. पायानं बोल्ट हळूच त्यांच्या पुढ्यात सरकवला. "घावला," ते म्हणाले. त्यानंतर तो माझा रोजचा उद्योगच झाला. शेडमध्ये काही ना काही निमित्तानं जायचं आणि पडलेल्या वस्तू त्यांच्या नजरेसमोर आणून ठेवायच्या, आवाज न करता. त्यांना कळत नव्हतं असं मला तेव्हा वाटायचं.

रंग त्यांनी स्वतः दिला. फौजेचा तो बिनचमकीचा हिरवा. कडा सुटल्या, तिथे इस्माईलभाईंनी मागून हात फिरवला. गाडी उभी राहिली तेव्हा ज्येष्ठ संपत आला होता आणि आभाळ अजून कोरडंच होतं.

नीलव्वाला गाडी दाखवायला जायचं ठरलं. मी नवी साडी नेसले. उगाच खोटं कशाला बोलू, आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिले. इतक्या वर्षांनी मी त्या सीटवर बसणार होते. ह्यांनी फौजेतली टोपी घातली. किल्ली फिरवली आणि गाडीनं आधी धाप टाकली, मग अंग झटकून ती जी काही घुमली, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. इस्माईलभाई मागे चढले. हे म्हणाले, "गाडी भाईर काडून कोपऱ्यावर लावतो, तू फाटक लाव आन् बस."

मी फाटक लावत होते. कडी नेहमीसारखी अडकत होती. तेवढ्यात बाई किंचाळल्याचा आवाज आला, पाठोपाठ इस्माईलभाईंची आरोळी आणि ब्रेक. कोपऱ्यावर पाण्याचा टँकर आला होता आणि समोरच्या वहिनी घागर घेऊन डावीकडून येत होत्या. त्यांना काही झालं नाही. घागर तेवढी पडली आणि पाणी रस्त्यावर पसरलं. वहिनी म्हणत होत्या, "अहो, एवढी धडधडीत येतेय, दिसले नाही का तुम्हाला?" त्यांना काही माहीत नव्हतं. बिचाऱ्या रागानं बोलत होत्या.

ह्यांनी किल्ली बंद केली. खाली उतरले, वहिनींना हात जोडले, त्यांची घागर भरून द्यायला लावली. मग बॉनेटवर हात ठेवून, गाडीच्या पुढून चालत पलीकडे गेले आणि डाव्या सीटवर बसले. माझ्या सीटवर. "इस्माईल, तू घे," म्हणाले. मी मागे बसले. आमच्या फाटकापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, एवढीच त्यांनी ती गाडी चालवली, आणि तेवढ्यातही मी शेजारी नव्हते.

अक्कलकोटपर्यंत वारा तोंडावर भाजत होता. मी मनाशी एकच धरून बसले होते, की निदान नीलव्वा खूश होईल.

गाडी दारात थांबली तशी ती हातातलं निवडण टाकून बाहेर आली. दिव्यांपासून मागच्या फळीपर्यंत सगळीकडून फिरली. "आवाज तिचा न्हाई," म्हणाली. "पर त्वांड तिचंच." मग ह्यांच्याकडे वळून, "ही कशी काय उबी केली? ही तर तुमच्या गाडीला पार्ट म्हणून गेली हुती की. पोरगं सांगितलं हुतं मला."

मला वाटलं, उन्हानं मला काही भलतंच ऐकू येतंय. मी विचारलं, "मोडायला नेतोय हे माहीत होतं तुम्हाला? मग ओटी कशाला भरायला लावली?"

"मोडायच्या आदी भराय नगं?" तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "बाई गेली की तिची वटी भरत्यात न्हाई का, अक्का? इतकी वर्सं आमास्नी पोसली. तशीच जाऊ द्यायची काय?"

सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरतात, आणि सवाष्ण गेली की तिला उचलायच्या आधीही भरतात. हे मला माहीत नव्हतं थोडंच. माझ्या आईची भरलेली मी बघितली होती. पण त्या दिवशी गोठ्यात आम्हा तिघांपैकी एकालाही ते आठवलं नाही. आम्हाला लेकच दिसली. ह्यांनी नीलव्वाला काही सांगितलं नाही. आमची गाडी मोडली हे नाही, डोळ्यांचं तर नाहीच. "म्हणलं, चांगली हाय, चालू करून बगावी," एवढंच म्हणाले. तिनं गाडीत बसायला नको म्हटलं. मालक असताना बसत होते, आता कशाला, म्हणाली.

परत येताना मला राग आला होता. खूप. नीलव्वाचा आला, त्या सुपाचा आला, एक शब्द न विचारता एवढं सगळं ओढवून घेणाऱ्या ह्या माणसाचा आला. वैशाखातच गाडी झाली असती. त्या वेळी कोपऱ्यावरच्या वहिनी दिसल्या असत्या त्यांना. आम्ही पार होटगीपर्यंत गेलो असतो, मी पुढे बसून. हे सगळं मी बोलले, इस्माईलभाईंसमोर बोलले. ह्यांनी ऐकून घेतलं.

"तिला म्हाईत हुतं त्ये बरंच झालं की," म्हणाले. "म्हंजे कुणी कुणाला फशिवलं न्हाई."

मला त्यानं काही बरं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पाऊस पडायच्या आत आमच्या जोंगाचा सांगाडा भंगारवाला घेऊन गेला. त्या वेळी हे आत झोपले होते, निदान पडून होते. तिला कुणी कुंकू लावलं नाही. मला सुचलं होतं, पण मी लावलं नाही.

त्यानंतरचे उन्हाळे सारखेच गेले. ह्यांचा उजवा डोळा आधी गेला, डाव्यात आता उजेड-अंधार तेवढा कळतो. इस्माईलभाई अधूनमधून येतात, गाडी सुरू करून थोडा वेळ तशीच ठेवतात, दोघं आवाज ऐकत बसतात. चल फिरवून आणतो म्हटलं तर हे नको म्हणतात. कुणी विकत मागितली तर उत्तरच देत नाहीत. सकाळी चहा झाला की भिंतीच्या आधारानं शेडमध्ये जातात आणि फडक्यानं गाडी पुसतात, न चुकता. ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावरून फिरावा तसा हात फिरतो. मी निवडत, टिपत दारात बसते आणि बघते. बघायचं काम आता माझ्याकडेच आहे.

शेडच्या पश्चिमेचा पत्रा मागच्या वादळात उडाला, तेव्हापासून दुपारचं ऊन थेट गाडीवर येतं. सोलापूरच्या उन्हापुढे तो फौजेचा हिरवा टिकला नाही. आधी फिकटला, मग वाळल्या कडब्यासारखा झाला. मी काही बोलले नाही.

आज सकाळी पुसता पुसता हे थांबले. "रंग कसा हाय गं आता? उडला तर न्हाई?"

"छे. आहे तसाच आहे," मी म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून मीच पुढे जोडलं, "परवा समोरच्या वहिनी म्हणत होत्या, कालच दिल्यासारखा दिसतो."

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि मोकळा तळवा बॉनेटवरून सावकाश ओढला. हात वर घेतला तेव्हा पंजाभर पांढुरकी हिरवी भुकटी होती. रंग मेला की त्याची अशी पूड होऊन हाताला लागते. धूळ खरखरते, ही मऊ असते. सगळी नोकरी ज्यानं ह्याच रंगाच्या गाड्या चालवण्या-पुसण्यात घालवली त्याला ते बोटांना कळणारच. अंगठा आणि बोट ते कितीतरी वेळ एकमेकांवर चोळत राहिले. मी सुपावरचा हात थांबवून बसले होते.

"धूळ लई बसलीय," ते म्हणाले. "दुसरं फडकं दे."

मी उठून दिलं.